पिंपळाची पानं आणि आठ मिलिसेकंद

आमच्या गेममध्ये तळ्याकाठी एक पिंपळ आहे. आरटीएक्स 2060 या ग्राफिक्स कार्डावर तो सीन आला की फ्रेमरेट सेकंदाला 30 च्या खाली. त्या दिवशी सकाळीच लीड म्हणाला, "आजच्यात बघ. नाहीतर जुन्या कार्डांवर रे ट्रेसिंग बंद करू." रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचे किरण सीनमध्ये सोडून प्रतिबिंबं काढणं. प्रत्येकाला नवं कार्ड परवडतं असं गृहीत धरणं मला पटतच नाही. हे कार्ड 2019 मधलं, 6 जीबी मेमरीचं, आणि त्यात 30 आरटी कोअर आहेत, म्हणजे किरण कुठे आदळतो ते शोधणारे खास भाग. ते पुरेसं वापरलं जात नाहीये, एवढंच मला दिसत होतं.

30 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 33 मिलिसेकंद. त्यातले 14 तळ्याच्या पाण्यातल्या एकट्या प्रतिबिंबाला जात होते. आधी किरण कमी केले, 1920 बाय 1080 ऐवजी 960 बाय 540. वेळ उतरला, पण चित्रातले ठिपके पुसणारा डीनॉइझर टाकूनही पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. ते परत घेतलं आणि सीनमधली एकेक वस्तू लपवत गेलो. पिंपळ लपवला आणि 14 चे 5 झाले.

पान म्हणजे मुळात दोन त्रिकोणांचा एक चौकोन, वर पानाचं चित्र, बाकी भाग पारदर्शक. किरण चौकोनावर आदळला की आरटी कोअरला एवढंच कळतं की त्रिकोण लागला. तिथे पान आहे की मोकळी जागा, हे विचारायला त्याला थांबून एनी-हिट शेडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे जावं लागतं. शेडर टेक्स्चर, म्हणजे पानाचं चित्र, वाचतो, म्हणतो, "मोकळी जागा, पुढे जा." दाट फांद्यांतून जाताना एकाच किरणाचं असं कितीदा तरी होतं.

आमच्या आर्टिस्टने जूनमध्येच विचारलं होतं, "अरे, पानं आकाराप्रमाणे कापून देऊ का?" मी म्हटलं होतं, "नको, त्रिकोण वाढतील." त्रिकोण चौपट झाले तरी बीव्हीएचमध्ये, म्हणजे त्रिकोण पटकन शोधायला रचलेल्या डब्यात-डबे अशा झाडात, किरणाला जेमतेम दोन पायऱ्या जास्त उतराव्या लागतात. हे मला ठाऊक होतं, तरी जुन्या सवयीने नको म्हणालो. ते अजून मनातून जात नाही.

तिने दुपारपर्यंत पानं कापून दिली. मी ती अपारदर्शक म्हणून नोंदवली, शेडरची फेरी संपली. 14 चे 6 झाले.

मी उठून तिला स्क्रीन दाखवली. ती पाण्यात बघत म्हणाली, "टोकं कुठे गेली?" त्रिकोण वाचवायला मी पानांची लांब शेपटी छाटली होती. प्रत्येक पानाला एक त्रिकोण परत दिला. 6.2.