मुझफ्फरपूरच्या गोठ्यांत वाळूमाशीच्या शोधात

सप्टेंबरअखेरीस बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या एका गावात पाच दिवस राहून आलो. काळा आजार (लेशमानिया या परजीवीमुळे होणारा रोग) पसरवणाऱ्या वाळूमाश्या पकडायच्या आणि त्यांचा डीएनए तपासायचा, एवढंच काम. पुण्याहून दानापूर, पुढे गंगा ओलांडून हाजीपूरमार्गे जीप.

तिथे सगळे या वाळूमाशीला ‘बालू मक्खी’च म्हणतात. फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस, जेमतेम २-३ मिलिमीटर. उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारते. पहिल्या रात्री डासांसाठीची जाळी लावलेला सापळा गोठ्यात टांगला, सकाळी जवळपास रिकामा! माश्या जाळीतून निघून गेल्या होत्या. बारीक जाळी घरूनच न्या, सापळा जमिनीलगत टांगा, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू ठेवा. पहाटे मातीच्या भिंतींच्या भेगांजवळ टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन फिरा. नळीला गाळणी हवीच.

पकडलेल्या माश्या टिकवायला लागणाऱ्या अल्कोहोलचा प्रश्न मोठा. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेता येत नाहीत, शिवाय बिहारमध्ये २०१६पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ते पाटण्यातल्या सहकारी प्रयोगशाळेकडूनच घ्या, संस्थेचं पत्र खिशात ठेवा. डीएनएसाठी ७० टक्क्यांपेक्षा ९५ टक्के बरं. एका नळीत एकच माशी, आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा. माझ्या बॉलपेनच्या दोन चिठ्ठ्या पुसल्या गेल्या. त्या माश्या कुठल्या घरातल्या, हे आता कधीच कळणार नाही. मला ते अजून सलतं.

डोकं आणि शेपटाकडचा भाग स्लाइडवर ठेवा, ओळख त्यावरूनच पटते. उरलेलं अंग पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीला. सर्जेंटोमिया या दुसऱ्या गटातल्या वाळूमाश्याही सापळ्यात बऱ्याच येतात. प्रजातीची खात्री सीओआय या ओळख पटवणाऱ्या जनुकावरून होते. रक्त प्यालेली, लाल पोटाची मादी मिळाली तर ती लगेच अल्कोहोलमध्ये टाका. पोटातलं रक्त दोन-तीन दिवसांत पचतं, मग ती गाय चावली की माणूस हे रक्तातलं सायटोक्रोम बी जनुक सांगू शकत नाही. परजीवी शोधायला त्याच्या कायनेटोप्लास्टच्या (पेशीतल्या एका खास भागाच्या) डीएनएची चाचणी फार तल्लख आहे, कारण एकाच पेशीत या डीएनएची हजारो छोटी वर्तुळं असतात. पण चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे माशी रोग पसरवतेच असं नाही; नुसतं रुग्णाचं रक्त पोटात असलं तरी चाचणीत पॉझिटिव्हचा पट्टा उमटतो. म्हणून थोड्या माश्या जिवंत ठेवून तिथेच चिरा आणि आतड्यात हलणारे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

माशीच्या उरलेल्या डीएनएवर सोडियम चॅनेलच्या (कीटकनाशक जिथे काम करतं त्या मज्जापेशीतल्या प्रथिनाच्या) जनुकातली १०१४वी जागा जरूर वाचा. तिथला बदल डीडीटीला न जुमानण्याशी जोडलेला आहे, आणि तीच जागा आजच्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या फवारणीसाठीही महत्त्वाची.

घरात शिरण्याआधी गावच्या आशाताईंना (आरोग्यसेविकेला) सोबत घ्या. ज्या माईंच्या गोठ्यात आम्ही तीन रात्री होतो त्यांनी निघताना विचारलं, “बाबू, हमरे घर में निकला क्या?” त्यांचा निकाल या आठवड्यात लागेल, आणि तो आशाताईंना पहिला फोन असेल.