तुम्ही विचारलंत म्हणून : राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि आपली मराठी

महाराष्ट्रातले प्राध्यापक भेटले की हमखास विचारतात : बेळगावचे विद्यापीठ इतके अलीकडचे कसे, आणि त्यात मराठीला जागा कितपत आहे? बेळगावच्याच महाविद्यालयात मराठी शिकवत आल्यामुळे मला याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

विद्यापीठ 2010 चे असले, तरी येथील उच्च शिक्षण त्याहून पुष्कळ जुने आहे. लिंगराज महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झाले; तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि येथील मुले मुंबई विद्यापीठाची पदवी घेत. 1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, ते पुढे धारवाडला स्थिरावले आणि आमची महाविद्यालये त्याच्याकडे गेली. अनेकांना हा बदल 1956 च्या राज्य पुनर्रचनेमुळे झाला असे वाटते, पण तो त्याआधीचा आहे.

पदवीपर्यंत घरी राहून शिकता येई; खरी अडचण त्यानंतर होती. एम.ए. करायचे तर धारवाडला किंवा कोल्हापूरला खोली घेऊन राहावे लागे. खानापूरकडच्या कितीतरी हुशार मुलींचे शिक्षण याच टप्प्यावर थांबले, कारण रोज एस.टी.ने बेळगावला पाठवणारे घर मुलीला परगावी ठेवायला तयार नसे आणि ‘बी.ए. झालीस, आता पुरे’ एवढ्यावर विषय मिटे. 1982 मध्ये कर्नाटक विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र काढले, तेव्हा ही वाट जवळ आली. माझ्या मते विद्यापीठाची सुरुवात तिथपासून धरावी.

याच केंद्राचे 2010 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. 1824 मध्ये इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणीचे नाव त्याला मिळाले आणि बेळगाव, विजापूर व बागलकोट हे जिल्हे त्याच्याकडे आले. पुढे बागलकोटसाठी जमखंडीला वेगळे विद्यापीठ निघाले. महामार्गालगत भूतरामनहट्टी येथे असलेला परिसर वनखात्याच्या जमिनीवर असल्यामुळे तेथे वाढीला वाव नव्हता, म्हणून हिरेबागेवाडीजवळ नवा परिसर उभारायला घेतला गेला.

आता मराठीविषयी. विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे आणि तो असणे मला फार मोलाचे वाटते, कारण येथील मराठी मुलाला आपल्या भाषेत एम.ए. करण्यासाठी जिल्हा सोडावा लागत नाही. परंतु हा विभाग जगतो तो खानापूर, निपाणी, बेळगाव येथील पदवी महाविद्यालयांच्या जिवावर. तेथील मराठीचे प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली, की आधी ऐच्छिक मराठी बंद पडते आणि मग दोन-तीन वर्षांत एम.ए.च्या वर्गातली मुले कमी होतात. म्हणून विभागाचे काय होणार असे कोणी विचारले, की मी त्यांना आधी या महाविद्यालयांतील मराठीच्या रिकाम्या जागांची चौकशी करायला सांगतो.