खोडलेलं वाक्य

"यात खोडलेलंही दिसतं का हो?"

आज बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कार्यशाळेत एका बाईंनी विचारलं. मराठी शिकवतात. मी गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडून दाखवली: कोणी, कधी, काय लिहिलं, काय पुसलं.

बाईंनी लगेच एका विद्यार्थिनीचा निबंध काढला. शेवटचं वाक्य होतं, 'माझी आजी खूप प्रेमळ होती.' आदल्या दिवशीच्या मसुद्यात तिथेच होतं, 'आजी गेली तेव्हा तिच्या चष्म्यावर पीठ होतं.'

बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "विषयाला धरून लिही, असं मीच सांगितलं होतं तिला."

सयाजीरावांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं लिहायला लागली. पण आम्ही शिक्षक तपासतो ती फक्त शेवटची प्रत.

तुमचं खोडलेलं कधी कुणी वाचलं होतं?