जिंकलो तर निघता येतं का?

2019 च्या लोकसभेची आचारसंहिता लागलेली आणि मी तहसीलला निवडणुकीचं काम बघणारा नायब तहसीलदार. सकाळी आवक टेबलावर सीमेवरच्या एका गावाचं निवेदन आलं. आमचं गाव तेलंगणात घाला, नाहीतर मतदानावर बहिष्कार. खाली सह्या आणि निळे अंगठे. नांदेडच्या या पट्ट्यात ही मागणी आधीपासूनच चालू होती, त्यामुळे ऑफिसात कुणी दचकलं नाही. तहसीलदार म्हणाले, "जाऊन या, समजूत घाला आणि संध्याकाळपर्यंत अहवाल द्या."

तलाठ्याला घेऊन निघालो. गावाचं म्हणणं मला पाठ होतं. पलीकडे शेतीला चोवीस तास फुकट वीज आणि शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या रयतुबंधू योजनेचे एकरी हंगामाला चार हजार. अलीकडे रात्रीची लाईट, तीही आली तर. त्यात सगळ्या सोयरिकी पलीकडच्या. व्याह्याच्या खात्यात पैसे पडले की इथं त्याच संध्याकाळी कळतं. जळजळ होणारच.

एक गोष्ट मात्र मला कायम खटकायची. बाभळीचा बंधारा याच भागात, गोदावरीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे, म्हणजे नेमकं नदीला पाणी असतं तेव्हा. ते पाणी खाली पोचमपाडच्या धरणात जातं, ते आता तेलंगणात. ज्यांच्यासाठी आपलं पाणी सोडावं लागतं, त्यांच्याकडंच जायचं म्हणता? शाळेच्या ओट्यावर बसलेल्या एका मामांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "म्हणून तर. पाणी जिकडं चाललं तिकडं आम्ही. त्यात काय चुकलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तलाठी खाली मान घालून हसत होता.

मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा उठला. "साहेब, बहिष्कारानं काय होत नाही. आम्ही उमेदवारच उभा करतो. महाराष्ट्र नको, तेलंगणा नको, आमचा देशच वेगळा. एवढाच मुद्दा. समजा सगळ्या पट्ट्यानं मतं दिली. जिंकलो, तर निघता येतं का?"

लोक हसले. तो अर्धा चेष्टेत होता, अर्धा नव्हता.

माझ्या पिशवीत नामनिर्देशनाचे कोरे नमुने होते. त्यातला शपथेचा कागद काढून त्यालाच वाचायला दिला. उमेदवारानं अर्ज भरला की शपथ घ्यावी लागते: भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन. हे शब्द 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं आले. तेव्हा मद्रासकडं द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी जोरात होती, ती मांडणाऱ्या द्रमुकनं त्याच वर्षी ती सोडली. म्हणजे वेगळं व्हायचं म्हणून उभं राहायचं, तर आधी वेगळं होणार नाही अशी शपथ घ्यायची.

"इथलं सोडा साहेब. तिकडं स्पेनमध्ये कॅटलोनियानं केलंच की."

केलं, आणि काय झालं? 27 ऑक्टोबर 2017 ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच दिवशी माद्रिदनं त्यांचं सरकार बरखास्त केलं. डिसेंबरच्या निवडणुकीत वेगळं होऊ म्हणणाऱ्यांना पुन्हा बहुमत मिळालं. कॅटलोनिया आहे तिथंच आहे. स्कॉटलंडला 2014 मध्ये सार्वमत घेता आलं, कारण लंडननं मान्यता दिली होती. तिथंही पंचावन्न टक्के लोक नको म्हणाले. चेक आणि स्लोव्हाक 1992 च्या निवडणुकीनंतर खरंच वेगळे झाले, पण तिथं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना वाटणी हवीच होती.

"बांगलादेश?" तलाठीच म्हणाला. त्याला बोलायचं नव्हतं, पण निघालं तोंडातून.

बांगलादेशची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1970 च्या निवडणुकीत मुजीबुर रहमान यांचा पक्ष फुटून निघायला उभा नव्हता, पूर्व पाकिस्तान या आपल्या प्रांताला अधिकार मागत होता. 300 पैकी 160 जागा, म्हणजे अख्ख्या पाकिस्तानात बहुमत. ते त्यांना वापरू दिलं नाही, मार्च 1971 मध्ये सैन्य घातलं, तेव्हा देश फुटला. अमेरिकेत उलटं. 1860 मध्ये लिंकन निवडून आले ते दक्षिणेला सोसलं नाही, डिसेंबरात साउथ कॅरोलायना बाहेर पडलं, मग चार वर्षं युद्ध. दोन्हीकडं भांडण निवडणुकीचा निकाल न मानण्यावरून पेटलं. नुसती वेगळं व्हायला मतं मिळाली म्हणून सुखरूप निघाले, असं यातल्या एकाही ठिकाणी नाही.

मामा मध्येच म्हणाले, "निजामबी म्हणलाच होता की स्वतंत्र. युनोत तक्रारबी केली त्यानं. फौज आली अन् पाच दिसांत खेळ संपला." मग आवाज बदलून, "ते ऱ्हाऊ द्या. छप्पन साली मुधोळ, भैंसा तिकडं गेले, माझ्या आईचं माहेर गेलं. देगलूरचं बिचकुंदा, जुक्कल गेलं. किनवट इकडं आलं. तवा कुणी मतदान घेतलं होतं का?"

नव्हतं घेतलं. 1 नोव्हेंबर 1956 ला सर्कलच्या सर्कल इकडची तिकडं झाली, संसदेच्या एका कायद्यानं. घटनेच्या कलम 3 मध्ये विधानसभेचं मत फक्त मागवायचं असतं, मानायचं बंधन नाही. तेलंगणाच घ्या: जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेनं मंजूर केलं. कितीही मतं पडली तरी देशाबाहेर जाता येत नाही, आणि देशातल्या देशात तुमचं एकही मत न घेता तुम्हाला हलवता येतं. मी हे मोठ्यानं बोललो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. समजूत घालायला आलेल्या माणसाचं हे बोलणं नव्हे.

पण त्यानंतरच माणसं मोकळी बोलायला लागली. ओढ्यावरचा पूल. विजेचं वेळापत्रक. पीकविम्याची न आलेली रक्कम. पोरग्यानं शाळेतून कागद आणून नवं निवेदन लिहायला घेतलं. मी घाईघाईनं विचारलं, "बहिष्कार?"

"तो काढला."

"आणि तेलंगणा?"

"हाय की," मामा म्हणाले. "सात नंबरला टाकलाय. पहिल्या सहाचं काय करता ते बघतो आधी."