अडचणीची हौस

वैशाखातल्या एका दुपारी भिंतीवरचे घड्याळ बंद पडले आणि मी टेबलाच्या खणात सेल शोधू लागलो. आमच्या घरी नवा सेल घड्याळात घालण्याची पद्धत नाही. नवा पेन्सिल सेल आधी छोट्या टॉर्चमध्ये जातो, तेथे तो मंदावला की टीव्हीच्या रिमोटमध्ये येतो, आणि रिमोटलाही तो पुरेनासा झाला की उरलेल्या आयुष्याची चाकरी करायला घड्याळात जातो. त्यामुळे आमचे घड्याळ कायम थकलेल्या सेलांवर चालत आले आहे आणि तरीही ते फारसे मागे पडत नाही. मी एकेक सेल अंगठ्याने चोळून पाहत होतो, तेवढ्यात कूलरसमोर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, असल्या एकाच सेलवर अख्खी गेमची मशीन चालत होती, माहीत आहे काय तुम्हाले?"

मला माहीत नव्हते. ते यंत्र म्हणजे बांदाई कंपनीचे वंडरस्वान, हातात धरून खेळण्याचे. ते १९९९ साली जपानात विक्रीला आले. त्यामागचे डोके गुनपेई योकोई यांचे, आणि त्याआधी निन्टेन्डो या जपानी खेळ-कंपनीत असताना त्यांच्याच देखरेखीखाली १९८९ सालचा गेमबॉय हे तसलेच हातात धरण्याचे यंत्र घडले होते. नव्याच्या मागे धावू नये, जी तंत्रे जुनी आणि स्वस्त झाली आहेत, ज्यांचे सगळे गुणदोष कळून चुकले आहेत, तीच घेऊन त्यांचा कोणी न केलेला उपयोग करावा, असे त्यांचे मत होते. गेमबॉयच्या काळातली अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर ही रंगीत पडद्याची यंत्रे सहा-सहा सेल खात आणि काही तासांत मान टाकत. गेमबॉयला मात्र हिरवट रंगाच्या चार छटा आणि मागून उजेड नसलेला पडदा, एवढेच होते, आणि म्हणून तो चार सेलांवर कितीतरी अधिक वेळ चाले. योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात वारले आणि एका सेलवर चालणारे वंडरस्वान बाजारात आलेले त्यांनी पाहिले नाही. थकलेल्या सेलांना कामाला लावणाऱ्या आमच्या घराला त्यांचे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नव्हती, पण त्याला कोणी तत्त्व म्हटल्याचे ऐकून बरे वाटले.

भाचा अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे आणि सुट्ट्यांत मामाच्या गावाला येण्याची चाल त्याने अजून मोडलेली नाही. त्या दुपारी तो गेमबॉयसाठी एक खेळ तयार करत होता. असले खेळ हौसेने करणाऱ्यांच्या स्पर्धा जगभर चालतात, त्यांतल्याच एका लहानशा स्पर्धेला तो हा खेळ पाठवणार होता. या स्पर्धांचा इतिहास मला त्याच्याकडूनच कळला. २००० साली क्यूट नावाच्या एका जपानी कंपनीने वंडरविच नावाचा संच काढला. घरच्या संगणकावर सी भाषेत खेळ लिहायचा आणि केबल जोडून तो वंडरस्वानमध्ये उतरवायचा, अशी त्याची सोय होती. पुढे अशा हौशी खेळांची स्पर्धाही भरली. २००१ सालच्या स्पर्धेत पहिला आलेला 'जजमेंट सिल्व्हरस्वॉर्ड' हा गोळीबाराचा खेळ २००४ साली रीतसर विक्रीला आला. असे दार उघडून बोलावणारी उदाहरणे थोडी आहेत. एरवी हौशी माणसे मागच्या दारानेच आत शिरली आहेत. गेमबॉय सुरू होताना कार्ट्रिजवर, म्हणजे खेळ भरलेल्या डबीवर, निन्टेन्डोचे बोधचिन्ह जसेच्या तसे आहे की नाही ते तपासतो आणि त्यात फरक आढळला तर जागीच थिजतो. त्यामुळे भाच्याने कूलरसमोर बसून केलेल्या खेळाच्या आरंभीही त्या दूरच्या कंपनीचे नाव वरून खाली उतरते, आणि मगच आमच्या गावचे शेत दिसू लागते.

यातली गंमत अशी की भाच्याने खरा गेमबॉय कधी हातात धरलेला नाही. मीही धरलेला नाही, आणि आमच्या तालुक्यात तो मी कोणाच्या हाती पाहिलेला नाही. त्याचा खेळ लॅपटॉपवरच्या आणि फोनवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो. हातात धरण्याच्या यंत्रासाठीची ही स्पर्धा आणि ते यंत्र कोणाच्याच हातात नाही, असे मी त्याला म्हटले, तेव्हा त्याने मान न वळवता "हो" एवढेच उत्तर दिले.

आमच्या पिढीच्या हातात जे आले ते ब्रिक गेम, वरून पडणाऱ्या विटा रचण्याचे. थंडीत बहिरमची यात्रा भरे, लोक मातीच्या हंडीतले मटण आणि रोडगे खायला जात, आणि परतताना आम्हा पोरांचा मुक्काम खेळण्यांच्या दुकानासमोर पडे. तेथे '९९९९ इन १' असे छापलेली ती राखाडी डबी टांगलेली असे. आत खरे खेळ मोजकेच होते, त्यांतल्या काहींचा वेग वाढवून आणि काहींना आधीच विटा रचून ठेवून आकडा फुगवलेला होता, हे आम्हाला लवकरच कळले, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. डबीचा खरा दोष म्हणजे तिला सेल लागत. ते संपले की आम्ही उन्हात ठेवत असू, दाताने चावत असू, जागा बदलून घालत असू, आणि तेवढ्याने पडद्यावर फिकट विटा पुन्हा उमटल्या की कोणीतरी जिंकल्यासारखे ओरडे. अखेर ते दुपारभराच्या उन्हालाही दाद देईनासे होत, आणि नवे सेल पुढच्या बाजाराशिवाय मिळणार नाहीत असे आबा सांगत.

मग गणिताची चौकटीची वही निघे. दहा रकाने आडवे आणि वीस उभे, एवढा चौकोन आखला की पडदा तयार. आम्हा भावांपैकी एकाने यंत्र व्हायचे. तो डोळे मिटून "काडी", "चौकोन", "वाकडी" असे एकेक तुकडे सांगे, दहापर्यंत भराभर मोजे, आणि तेवढ्यात दुसऱ्याने तो तुकडा कोठे बसवायचा ते ठरवून पेन्सिलीने रंगवायचे. रांग भरली की ती खोडरबराने पुसायची आणि वरच्या सगळ्या रांगा एक घर खाली आणून पुन्हा रंगवायच्या. या कामात इतका वेळ जाई की यंत्र झालेला भाऊ मध्येच पेरू खाऊन येई. कागद खोडून खोडून झिरझिरीत होई आणि जेथे तो फाटे तेथे विटा ठेवायच्या नाहीत असा नवा नियम आपोआप तयार होई. फाटक्या जागेचा तो नियम मूळ खेळात नव्हता, आणि मला अजूनही वाटते की त्याने खेळ सुधारला होता.

भाच्याच्या स्पर्धांचे नियम ऐकताना मला ती वही आठवत राहिली आणि थोडा रागही येत राहिला. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चार, कामाची मेमरी ८ केबी. गेमबॉय जॅम नावाची स्पर्धा २०१२ पासून चालते आणि तेवढ्याच आकाराच्या पडद्यात चार रंगांत खेळ करा असे सांगते. कोणी नोकिया ३३१० या फोनची स्पर्धा भरवली आहे. त्यात ८४ बाय ४८ ठिपके आणि दोनच रंग मिळतात. ज्यांच्यापुढे लाखो रंग दाखवणारे संगणक आहेत, अशी माणसे हौसेने म्हणतात की आम्हाला चारच द्या. आम्हाला कोणी विचारले नव्हते. आमच्याकडे अडचण न मागता येई आणि ती किती दिवसांची तेही सांगत नसे.

पण या हौशी माणसांतही मी डावे-उजवे करतो. चार छटांचा नुसता पोशाख चढवलेला आणि आतून मोठ्या संगणकाची सगळी ताकद वापरणारा खेळ मला लबाड वाटतो. गेमबॉय जॅमला तसा चालतो, खऱ्या यंत्रावर तो चाललाच पाहिजे अशी तिची अट नाही. २०२१ सालच्या जीबी कॉम्पो या स्पर्धेने मात्र गेमबॉयवर प्रत्यक्ष चालेल अशीच फाइल मागितली होती. भाच्याची स्पर्धा या दुसऱ्या जातीची होती, हे कळल्यावर माझा राग बराच उतरला.

कारण खऱ्या यंत्राच्या अडचणी कोणी शोभेसाठी ठेवलेल्या नसतात. गेमबॉयमध्ये सगळे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशांनी भरायचे असते. भाच्याने ६४ ठिपक्यांत कपाशीची पऱ्हाटी काढली, तर आमच्या आईने चष्मा लावून पाहिले आणि "तूर चांगली आली बापा" असे म्हटले. मग बोंडासाठी पांढरी छटा लागली, पण तीच छटा कोरड्या मातीला दिलेली होती, म्हणून माती एक पायरी गडद झाली, त्यामुळे ओली माती आणखी एक पायरी सरकली, आणि रात्रीच्या आभाळाला जागाच उरली नाही. शेवटी त्याने आभाळ काढून टाकले. हलणाऱ्या चित्रांचे त्याहून कडक आहे. एकूण ४० तुकडे आणि पडद्याच्या कोणत्याही एका रेघेवर जास्तीत जास्त दहा, अकरावा तुकडा यंत्र काढतच नाही. भाच्याचा रोही, म्हणजे पिकात शिरणारी नीलगाय, दोन तुकड्यांचा आणि शेतकरीही दोन तुकड्यांचा, म्हणजे शेतकरी आणि चार रोही एका रांगेत आले की हिशेब संपला आणि पाचवा रोही नाहीसा झाला. हे ऐकून आईने असे यंत्र आपल्या वावराच्या धुऱ्यावर बसवता येईल काय, अशी चौकशी केली.

यातली एक अडचण मला ऐकताक्षणीच कळली. गेमबॉय पडद्याच्या १४४ रेघा वरून खाली ओढतो, मग आणखी दहा रेघांएवढा वेळ थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, असे सेकंदाला जवळजवळ साठ वेळा चालते. रेघ ओढण्याच्या ऐन कामात असताना चित्राची मेमरी कुलूपबंद असते आणि त्या वेळी काही लिहिले तर ते वाया जाते. म्हणून मोठे फेरफार त्या थांबण्याच्या वेळातच उरकायचे असतात, आणि तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचितच अधिक असतो. शेतीपंपाच्या थ्री फेज लाइनचे अगदी असेच आहे. ती ठरावीक तासांपुरतीच येते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि तेवढ्यात दांड फोडून जेवढे ओलीत होईल तेवढे खरे. भाच्याला खेळाची कल्पना सुचली ती यातूनच. रात्रीची लाइन आली आहे, शेतकरी एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवतो आहे, मध्ये रोही शिरतात, आणि लाइन जाण्याआधी वावर भिजवायचे आहे, असा त्याचा खेळ होता.

"बक्षीस किती हाये?" आईने विचारले.

"बक्षीस नाही आजी. बाकीचे भाग घेणारे लोक खेळून पाहतात आन् नंबर देतात."

"मंग काहून करते?"

त्याने उत्तर दिले नाही. मुदत संपत आली होती.

त्याच दिवसांत भाऊजी त्याला न्यायला आले. त्यांच्या संत्र्याला पाणी चालू होते, त्या आठवड्यात लाइनची पाळी रात्रीची होती, आणि एकाने मोटरीपाशी आणि दुसऱ्याने दांडावर राहावे लागते म्हणून त्यांना जोडीला माणूस हवा होता. चहा होईपर्यंत भाच्याने त्यांच्या हाती फोन देऊन खेळ दाखवला. भाऊजींनी दोन सऱ्या नीट भिजवल्या, तिसरीत रोही शिरले, आणि मग त्यांचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले.

"हे आकडे कायचे उतरून राहिले?"

"लाइन किती वेळ राहणार, ते आहे बाबा."

"खरी लाइन सांगून जाते काय?"

भाच्याने त्यांना समजावले की न सांगता लाइन गेली तर खेळणारे चिडतात आणि खेळ अन्यायाचा आहे म्हणून गुण कमी देतात, अडचण कितीही कठीण घातली तरी चालते, पण ती आधी सांगावी लागते. भाऊजींनी ते शांतपणे ऐकून घेतले, "बरोबर आहे, गेम आहे तो" असे म्हणून फोन परत दिला, आणि बशीत चहा ओतला. भाच्याने आकडे ठेवले. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवले असते.

प्रवेशिका पाठवायला अजून दोन रात्री लागणार होत्या आणि मुदतीनंतर आलेला खेळ घेत नाहीत, असे त्याने बापाला सांगितले. भाऊजी एकटेच परत गेले. जोडीला त्यांनी कोणाला घेतले ते मी विचारायला हवे होते, पण राहून गेले.