तारण ठेवलेले शेअर आणि न दिसणारं मार्जिन

ओटीपी टाकला, डिपॉझिटरीचा (आपले डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा) मेसेज आला, म्हणजे प्लेजचं (शेअर तारण ठेवण्याचं) काम झालं असं सगळे सांगतात. झालेलं नसतं. माझे शेअर अडकले होते, विकता येत नव्हते आणि ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी लागणारी अनामत, मात्र शून्य!

बेत साधा होता: पडून असलेले शेअर तारण ठेवायचे आणि त्या मार्जिनवर निफ्टीचे ऑप्शन (निर्देशांक ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार) विकायचे. १ सप्टेंबर २०२० पासून शेअर बाजाराची नियामक सेबी हिची प्लेज-रिप्लेज (तारण ठेवून ते पुढे तारण देण्याची) पद्धत लागू आहे. त्याआधी शेअर सरळ ब्रोकरच्या खात्यात जायचे, आणि त्यात काय होऊ शकतं ते २०१९ च्या कार्वी प्रकरणात दिसलं: त्या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकले होते. आता शेअर आपल्याच डीमॅटमध्ये राहतात, लाभांशही आपल्यालाच मिळतो. पद्धतीबद्दल माझी तक्रार नाहीच.

तक्रार आहे ती मधल्या टप्प्याची. आपण ब्रोकरकडे तारण ठेवतो, ब्रोकर ते क्लिअरिंग मेंबरकडे (ब्रोकरच्या सौद्यांची पूर्तता करणाऱ्याकडे) आणि तो पुढे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे (सगळ्या सौद्यांची हमी घेणाऱ्या संस्थेकडे) रिप्लेज करतो. तिथवर पोचलं तरच एफ अँड ओसाठी (फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांसाठी) ते मार्जिन धरलं जातं. माझं तारण ब्रोकरपाशीच थांबलं होतं. फोन केला की, "सर, उद्यापर्यंत दिसेल." दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज, उत्तर तेच. मग म्हणे डिपॉझिटरीकडून उशीर आहे. डिपॉझिटरीच्या लॉगिनमध्ये प्लेज स्वच्छ दिसत होतं. ते सांगितलं, तर नवीन तिकीट उघडलं आणि जुनं बंद केलं. माझ्या मालाची किल्ली त्यांच्याकडे आणि चौकशी मी करायची, याचा संताप आजही गेलेला नाही.

सुटलं ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या पोर्टलमुळे. आपल्या नावावर ब्रोकरने किती तारण दाखवलंय हे ग्राहकाला तिथे स्वतः बघता येतं. सेबीने जुलै २०२१ च्या परिपत्रकात ही सोय करायला लावली, आणि ती फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. माझी रक्कम ब्रोकरपाशी दिसत होती, क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या रकान्यात शून्य. तो स्क्रीनशॉट कस्टमर केअरला नाही, थेट ब्रोकरच्या कंप्लायन्स ऑफिसरला (नियमपालन बघणाऱ्या अधिकाऱ्याला) पाठवला आणि पुढची पायरी स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार, असं स्पष्ट लिहिलं. लगेच रिप्लेज झालं. इतके दिवस होत नव्हतं ते एका मेलवर कसं झालं, हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी ते पोर्टल उघडा.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: मार्जिन म्हणून शेअरची पूर्ण किंमत मिळत नाही, हेअरकट, म्हणजे किमतीचा काही भाग, कापला जातो. शेअर तारणासाठी मंजूर यादीत आहे का तेही बघा, यादी बदलत असते. शिवाय रात्रभर ठेवायच्या पोझिशनला निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसारखं लागतं. त्यासाठी लिक्विड फंड (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) तारण ठेवता येतो, मी तसंच केलं. शुल्क प्रत्येक शेअरमागे वेगळं लागतं, म्हणून चिल्लर दहा कंपन्यांपेक्षा मोठ्या दोन-तीन बऱ्या.

सौदा करताना आधी तोटा मर्यादित ठेवणारा, संरक्षणाचा ऑप्शन विकत घ्या, मग दुसरा विका. स्पॅन, म्हणजे मार्जिन ठरवायची पद्धत, सगळ्या पोझिशनचा संभाव्य तोटा एकत्र मोजतं, त्यामुळे मार्जिन बरंच उतरतं. क्रम उलटा केलात तर मधल्या क्षणी पूर्ण मार्जिन लागतं, आणि पीक मार्जिनचे (दिवसभरातल्या सर्वाधिक मार्जिनचे) स्नॅपशॉट दिवसातून कधीही घेतले जातात. कमी पडलं तर दंड आहेच.