आधी बाबाचं डोकं मोजा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तशा बऱ्याचजणी विचारतात. सोसायटीच्या बागेत, शाळेच्या गेटवर, एकदा तर जांभळी नाक्यावर मेथीची जुडी निवडताना: "तुमच्या मुलाचं डोकं लहानपणी मोठं होतं ना? मग काय केलंत?"

हो, होतं. अजूनही आहे. चौथीत आहे आता, आणि स्केटिंगचं हेल्मेट मोठ्या माणसांच्या मापाचं लागतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते बारशाला. सासूबाईंनी हौसेनं खणाचं टोपडं शिवलं होतं, ते कपाळाच्या वरच अडकलं. नाडी हनुवटीखाली पोचेना. कुणी म्हणालं, बुद्धिमान होणार. नवऱ्याच्या आत्या हळूच म्हणाल्या, "मुडदूस तर नसेल ना गं?" मुडदुसात कपाळ पुढे येतं हे खरं, पण बारा दिवसांच्या बाळाला कुठला मुडदूस! तरी तो शब्द माझ्या डोक्यात चिकटून बसला.

जन्माच्या वेळी घेर ३६.५ सेंटिमीटर होता. मुलग्यांचा साधारण ३४.५ असतो, म्हणजे मोठा, पण हद्दीत. चौथ्या महिन्यात लसीला गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी शिंप्याच्या कापडी टेपनं, जावळावरून, ऐसपैस मोजलं आणि कार्डावर ४५.५ लिहिलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "झटके येतात का?" बस्स. पुढचे तीन दिवस मी झोपले नाही. रात्री तीनतीनदा उठून टाळूवर हात ठेवायचे. ती उडताना दिसली की पोटात गोळा यायचा. (टाळू उडतेच. नाडीबरोबर उडते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

मग बहिणीनं तिच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे ऐरोलीला नेलं. त्यांनी न ताणली जाणारी टेप घेतली, भुवयांच्या जरा वरून, मागे जिथं डोकं सगळ्यांत जास्त बाहेर येतं तिथून फिरवली, तीनदा मोजलं आणि सगळ्यांत मोठा आकडा घेतला. ४४.५. एक सेंटिमीटर नुसत्या टेपचा होता! तरीही आकडा वाढीच्या तक्त्यातल्या वरच्या रेषेच्या (बहुतेक बाळांचा घेर तिच्या खालीच असतो) बाहेरच होता; त्या वयाच्या मुलग्यांसाठी ती रेषा ४४ च्या आसपास येते. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेचे. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली मुलं मोजून केलेले, त्यांत दिल्लीतलीही आहेत, त्यामुळे 'ते परदेशी बाळांचं माप' असं म्हणून सुटता येत नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. टेप घेऊन नवऱ्याकडे वळल्या. "या, बसा." ६०.५! नवरा ओशाळला. मला एकदम आठवलं, लग्नात याच्यासाठी भाड्यानं आणलेला तयार फेटा बसलाच नव्हता, शेवटी मामांनी सुटं कापड आणून बांधला होता. सासरे तर टोपी कायम मागून उसवून घालायचे.

तरी बाई 'खानदानी डोकं' म्हणून हसून मोकळ्या झाल्या नाहीत. बाळाला उभं धरलं, शांत असताना टाळू चाचपली: फुगलेली, ताठ आहे का. बुबुळं मावळत्या सूर्यासारखी खाली ओढल्यागत दिसतात का, डोक्यावरच्या शिरा टरारल्यात का, उलट्या, सतत चिडचिड, दूध नको म्हणणं, मान धरण्यात मागे पडणं, सगळं विचारलं. मेंदूत पाणी साठत असेल तर या खुणा दिसतात, आणि तिथं वाट बघायची नसते. कधी शस्त्रक्रिया करून ते पाणी नळीनं पोटात उतरवावं लागतं. टाळू उघडी होती तोवर तिच्यातूनच सोनोग्राफी झाली. सुई नाही, भूल नाही, दहा-पंधरा मिनिटं. मेंदूतल्या पोकळ्या नीट होत्या. मेंदूच्या बाहेरून थोडं पाणी जास्त. अशा कुटुंबांत ते दिसतं, आणि बहुतेक मुलांत दीड-दोन वर्षांत आपोआप आटोक्यात येतं.

मग फक्त मोजत राहिलो, दर महिन्याला, त्याच टेपनं. बाई म्हणायच्या, आकड्याकडे बघू नका, रेषेकडे बघा. बाळाची रेषा तक्त्यातल्या वरच्या रेषेला समांतर चालली तर चालू दे, ती सोडून वर चढायला लागली तर त्याच दिवशी या. वर्षाचा झाला तेव्हा ४९. समांतर. मान त्यानं जरा उशिरा धरली, बाकी सगळं वेळेवर.

या गोष्टीमुळे बायका मला धीर मागायला येतात आणि मी तो सरसकट देत नाही. परवा आमच्या चौथ्या मजल्यावरची मुलगी आली, पाच महिन्यांचं बाळ कडेवर. "काकू, तुमच्यासारखंच असेल ना?" मी टेप काढली, म्हटलं, आधी नवऱ्याला खाली बोलव. त्याचं ५५.५ भरलं. तिचं ५४. कार्डावर बाळाची रेषा मागच्या दोन महिन्यांत तक्त्यातल्या एकामागून एक दोन रेषा ओलांडून वर चढलेली. माझ्यासारखं नव्हतं ते. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. रिक्षा बोलावली आणि तिच्याबरोबर गेले.